किमतीचा रकाना

कानात बिल्ला मारताना जनावर किती झटका देतं
हे माझ्या उजव्या मनगटाला अजून ठाऊक आहे.
एकोणतीस वर्षं पशू दवाखान्यात परिचर होतो,
मोर्शीच्या अलीकडच्या ह्याच गावात.
म्हशी, गोऱ्हे, बकऱ्या मी धरायचो,
डॉक्टर टोचायचे, विम्याचा कागद निघायचा.
किंमत ठरायची दात मोजून, कास चाचपून,
आणि मालक दर खेपेला
दोन हजारांनी जास्तच सांगायचा.
मी मनात हसायचो.

आता पोरीनं नागपूरहून पिल्लू आणून सोडलंय.
दोन महिन्यांचं, तपकिरी,
एक कान उभा, दुसरा अजून विचारात.
सोबत दाण्यांची महागडी पिशवी, मोजायची वाटी
आणि फोनवर तीन कंपन्यांचे विमे.
"बाबा, नीट वाचून एक निवडा."

दाणे त्यानं हुंगले
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी त्याला गिट्टी वाढली.
दूध-भाकर दिली, दूध चाटलं, भाकर ठेवली.
अंडं उकडलं तर तासभर खेळून
कोठीखाली लपवून आला.
वरण-भाताला तर पाठच फिरवली.

पंचफुलाबाई कुंपणावरून म्हणाली,
"काहून येवढे लाड करता, भाऊ?
भूक लागली का दगड बी खाइन थो."
बरोबर आहे. मीही लोकांना हेच सांगायचो,
बांबूच्या नळीनं बैलांना औषध पाजलेला माणूस.
आणि काल रात्री दीड वाजता
खाटेखाली वाकून, हातात वाटी,
"एक घास, फक्त एक" म्हणत होतो.

दिवसा चष्मा लावून अटी वाचतो.
पहिल्या विम्यात चोरी आहे, आजार नाही.
दुसऱ्यात आजार आहेत, गोचीडताप वगळून,
म्हणजे भात आहे, तांदूळ वगळून.
तिसऱ्यात सगळं आहे,
फक्त दवाखाना त्यांच्या यादीतला हवा,
आणि आमचा डॉक्टर मंगळवारी येतो
यादीबाहेरच्या मोटारसायकलवर.

बिबट्याचं कुठेच काही नाही.
मागच्या हिवाळ्यात संत्र्याच्या बगिच्यातून
ढोमण्यांचा कुत्रा गेला.
साखळी राहिली. गळपट्टाही राहिला, बक्कल न उघडता.
एजंट थावकरला फोन लावला तर म्हणाला,
"काका, बिबट अपघातात धरतात का चोरीत,
वरती विचारून सांगतो."
चार दिवस झाले, विचारतोच आहे.

शेवटी अर्ज घेऊन ओट्यावर बसलो.
जात: गावठी. (पोरगी म्हणाली, देशी लिहा.)
ओळखीची खूण: एक कान विचारात.
खोडलं. डावा कान पडका, असं लिहिलं.
मग बाजारभाव.
इथे पेन अडलं.
दात दुधाचे. कास नाही, वेत नाही,
ओढून नेण्याचं काम एकच,
माझी चप्पल, तीही डावीच.

तेवढ्यात पंचफुलाबाईची कोंबडी,
ती मानेवर पिसं नसलेली,
ओट्यावर चढली, इकडंतिकडं पाहिलं
आणि वाटीतल्या दाण्यांवर चोच मारली.

पिल्लू उठलं.
त्याच्या गळ्यातून आवाज निघाला,
आयुष्यातला पहिला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा.
स्वतःच दचकलं,
आणि मग तोंड वाटीत घालून
दाणे, भाकरीचा कुटका, कालचं वरण,
वाटीचा तळ, वाटीखालची फरशी.

मी हललो नाही. श्वासही बेतानं घेतला.

मग रकान्यात एक आकडा लिहिला,
थोडा वेळ पाहिला, खोडला,
आणि दोन हजारांनी वाढवला.

आता रोज सकाळ-संध्याकाळ
कोंबडी उसनी आणतो.
पंचफुलाबाई मोबदल्यात मूठभर दाणे घेते,
आणि परवा विचारत होती,
"तुमचं पिल्लू मोठं झालं का मंग,
माह्या कोंबडीचा विमा कोन काढन?"