पुठ्ठा

डिसेंबरात ग्वाल्हेरची सकाळ लोखंडासारखी असते.
किल्ला दिसत नाही, नुसतं धुकं.
चावी फिरवली की बॉनेटखाली कुणी कण्हायचं
आणि जिंसी नाल्याच्या वळणावर
स्टिअरिंग अडून बसायचं
मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखं.

घरात निदान आधीच झालं होतं.
"पन्नाशीनंतर शिकलीस, हाताला जोर कुठून येणार?"
हे म्हणाले, पेपर खाली न ठेवता.
नणंद म्हणाली, नाचणी खा.
डॉक्टर भटनागरांनी मनगटाचा फोटो काढवला,
कॅल्शियम लिहून दिलं, क्रेप बँडेज बांधलं,
हाड ठीक आहे म्हणाले, तरी जपा.

मी जपलं.
तीन महिने शाळेत लांबच्या सरळ रस्त्याने गेले.
फालका बाजार नको, छत्री बाजार तर नकोच.
मुलांना भूमिती शिकवणारी मी
एका उजव्यासाठी तीन डावे घेत होते.

हे दर महिन्याला डबीत तेल ओतायचे.
"कमी होतंच. जुनी गाडी आहे."
कुठे जातं,
ते मीही विचारलं नाही.

कंपूत हरगोविंद कुशवाहचं गॅरेज, म्हणजे
एक कडुलिंब, दोन जॅक आणि त्याचा भाचा.
त्याने माझ्या बँडेजकडे पाहिलंच नाही.
आधी चाकांत हवा मोजली.
"हवा कम हो, तब भी भारी चलती है."
हवा पुरेशी होती.
मग पंपाचा पट्टा अंगठ्याने दाबला:
सैल, कडेला चिरा.
मग डबीचं झाकण, झाकणाची काडी,
काडीवरचा थेंब बोटावर घेऊन त्याने हुंगला.
लाल असायला हवं ते
करपलेल्या फोडणीच्या रंगाचं,
आणि वर फेस.
"पंप हवा पी रहा है मॅडम, इसलिए रोता है.
आज रात नीचे गत्ता बिछाइए, कल आइए."

घरात मोरेनाच्या गजकचं खोकं होतं.
ते फाडून, उलगडून
पुढच्या चाकांमध्ये सरकवलं.
सकाळी टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसले, साडी थंड फरशीवर.
'शुद्ध तीळ' या अक्षरांच्या बरोबर मध्ये
रुपयाएवढा डाग, आणि त्याच्यावर
थांबून थांबून
दुसरा थेंब पडताना मी पाहिला.

पाइपाचा जोड. बस, एवढंच.
नवा पाइप, नवा पट्टा. जुनं तेल
पत्र्याच्या डब्यात काळं होऊन उतरलं.
पुढची चाकं जॅकवर अधांतरी, इंजिन बंद.
"अब घुमाइए. इस सिरे से उस सिरे.
सिरे पर दबाके मत रखिए, छू के छोड़ दीजिए.
दबाए रखने से पंप जलता है."
मी फिरवत होते, तो डबीत डोकावून मोजत होता.
सातव्या फेरीला बुडबुडे मोठे आले,
बाराव्याला मोहरीएवढे,
सोळाव्यानंतर तेल शांत, लाल,
भाच्याने हळूच आणखी थोडं घातलं.

गाडी सुरू केली. कण्हणं नाही.
हरगोविंदने हात पुसले
आणि पहिल्यांदा माझ्या मनगटाकडे पाहिलं.
"इसे क्या हुआ?"
स्टिअरिंग जड होतं म्हणून, मी म्हटलं.
तो हसला नाही.
"तीन महीने आपने
आधे मरे पंप पे गाड़ी मोड़ी है.
मेरे भांजे से तो न मुड़े."

बँडेज तिथेच सोडलं.
भाच्याने त्याने काडी पुसली.
छत्री बाजारातून आले,
हातगाडी, म्हैस, उलटा येणारा टेम्पो,
सगळ्यांना वळसा घालत, दोन बोटांनी.

"बघ," हे म्हणाले, "झाली ना हाताला सवय."
मी काही बोलले नाही.
गजकचं दुसरं खोकं
रिकामं करायला घेतलं.