एकविसाव्या दिवसाचा कागद

पाकिटं सकाळी दहाला येतात.
पोस्टमन बोटांवर फुंकर घालत पोतं टेकवतो.
बाहेर उणे सत्तावीस, मागोग नदी मुकी,
आणि शेरब्रुकच्या या तळमजल्यात
अख्ख्या क्वेबेकच्या तान्ह्यांची शू
वाळून, पाकिटात बसून, तिकीट लावून हजर.

कुणी कागद दुपट्यात दाबलेला असतो,
कुणी नेमका तिथे धरून बसलेलं असतं अर्धा तास.
बाळं काही आज्ञेत नसतात.
कुणी शेगडीजवळ हातमोज्यांशेजारी वाळवतं,
मग कागदाला लोकरीचा वास.
कॉफीचा डाग असला तर मी परत पाठवते.
नियम आहे. शिवाय मला
बापाचा नाश्ता तपासायचा नसतो.

तुझं पाकीट आमोसहून आलं, ऑरेल बोल्डुक.
मागे पेन्सिलीने:
‘थोडी सांडली. पुरेल का?’

पुरते.
मसुरीएवढी चकती पुरते.
पंचने तुला कापलं, थेंबभर पाण्यात भिजवलं,
काचेच्या तळाशी आखलेल्या रेघेवर
टिंब करून ठेवलं.
शेजारी ओदिल, पलीकडे गास्पेची जुळी,
शाळेच्या पहिल्या दिवशी बसवावं तसे सगळे ओळीत.

मग द्रावक चढायला लागतो.
कंदिलाच्या वातीत तेल चढतं ना, तसा,
आपल्या घाईशी त्याचं देणंघेणं नाही.
ग्लायसिन लवकर दमतं, खालीच बसकण मारतं.
ल्युसिन पुढे पळतं.
आणि हे सगळं न दिसता.
काच कोरीच. मी डबा खाऊन येते, तरी कोरीच.

निनहायड्रिन फवारलं, भट्टीत ठेवलं,
तेव्हा कुठे जांभळे ठिपके वर आले.
कडेला माझा अंगठाही उमटला
(हातमोजा फाटका होता).
तुझी जांभळी शिडी ठीक होती.
मी तुला जवळजवळ सोडलंच होतं.

दुसऱ्या काचेचा फवारा वेगळा.
बाटलीवर नाव निळं, पण उमटला तर हिरवा,
आणि तो सहसा उमटत नाही.
तुझ्या रांगेत उमटला.
फेब्रुवारीत इथे कशालाच नसतो असा हिरवा.

खरं सांगते,
आधी मनात आलं, काय सुंदर आहे.
मग हात गार पडले.

पुन्हा कापलं. पुन्हा भिजवलं. पुन्हा हिरवा.
डॉक्टर व्हेयेत फोनवर बोलले तेव्हा
मी मुद्दाम नळ चालू करून बाटल्या धूत होते.
तुमच्या घरी फोन नव्हता.
निरोप लाकडाच्या गिरणीतून गेला,
ट्रकवाल्याच्या तोंडून,
त्याला ते आम्ल उच्चारता येईना.
म्हणाला म्हणे, पोराच्या शूत काहीतरी हिरवं आहे, चला.

तू दूध टाकत होतास, झोपेतून उठत नव्हतास.
आई त्याला शहाणं बाळ म्हणत होती.

पुढे लाल इंजेक्शनं.
सगळ्यांना ती लागू पडत नाहीत. तुला पडली.
मला एवढंच दिसलं:
मार्चच्या काचेवर हिरवा फिका,
एप्रिलच्या काचेवर
आधीच माहीत असेल तरच दिसेल इतका.
तुझे डोळे कोणत्या रंगाचे, ते मला माहीत नाही.

जूनचा कागद आला.
त्यावर कॉफीचा गोल डाग, कपाच्या बुडाचा,
आणि मागे:
‘या वेळी कप सांडला. माफ करा, त्याने लाथ मारली.’

कागद परत पाठवला नाही.
एक कोपरा कोरा होता.
तिथून कापला.