इतिवृत्तात नाही

सत्तावीस वर्षं महासभेत मी खाली मान घालून बसले.
महापौरांच्या आसनाखाली, जरा डावीकडे,
लघुलेखिकेचं टेबल.
चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत.
आवाज ठाऊक आहेत, आणि चपला.
राजदंड पळवायला धावणाऱ्यांच्या चपला
आधी माझ्या टेबलापाशी यायच्या.

लघुलिपीत नेहमीच्या बोलण्याला तयार खुणा असतात.
'माननीय महापौर महोदय', एक आकडी, एक टिंब.
'तीव्र निषेध', आडवा फटकारा.
'सभात्याग', दारासारखी उघडी रेघ, ही माझीच.
आणि 'तुमच्या काळात काय झालं?'
हे इतक्यांदा यायचं
की त्याला मी नुसती शेपूट ठेवली होती,
स्वल्पविरामाएवढी.
सत्ता बदलली की बाकं बदलायची.
शेपूट तीच, समोरून यायची.

पाण्याचा विषय असला की दोन पेन्सिली जास्त घ्यायचे.
गंगापूर धरण भरलेलं, सातपूरच्या नळाला फुसफुस,
आणि सभागृहात दीड तास हेच
की कुणाचे आजोबा कुठल्या झेंड्याखाली होते.
"मुद्द्यावरून गुद्द्यावर यायला
आधी मुद्दा लागतो, बाई,"
आमचा शिपाई पोपट खैरे चहा ठेवताना म्हणायचा.
मी लिहायचे: गोंधळ.

एका मार्चात, अंदाजपत्रकाच्या सभेत,
शेवंता मोंढे उभ्या राहिल्या.
पहिलीच टर्म. कागद थरथरत होता, आवाज नाही.
"सिडकोतल्या जलकुंभाची क्षमता
आपण वीस लाख लिटर सांगितलीत.
मी शिडीनं वर जाऊन पाटी वाचून आले.
बारा आहे."

समोर दत्तात्रेय निकुंभ, स्थायी समितीचे सभापती,
माईक बंद पडला तरी कळू नये असा गळा.
मी शेपटीसाठी पेन्सिल टेकवली.
त्यांनी फाइल उलटली. पुन्हा उलटली.
म्हणाले,
"बाईंचं बरोबर आहे. माझं चुकलं."

खूणच नव्हती.
मला ते अक्षरी लिहावं लागलं, पाटीवर गिरवल्यासारखं,
मा झं चु क लं,
आणि वेळ पुरला,
कारण सभागृहात कुणीच काही बोलत नव्हतं.

मग सात-आठ मिनिटं बोलणं झालं.
आरोप नाही, खुलासा नाही, बोलणं.
आठ लाख लिटर आणायचं कुठून.
मागच्या बाकावरून कुणी म्हणालं,
आमच्या प्रभागाचा अर्धा तास कमी करा हवं तर.
ते कुठल्या पक्षाचं होतं
हे मान वर करून मी पाहिलं नाही.

संध्याकाळी निकुंभांच्याच पक्षाचे दोघे
नगरसचिवांच्या केबिनमध्ये बसून गेले.
साहेबांनी मला बोलावलं.
"इतिवृत्तात असं नको. बरं दिसत नाही."
मी टंकलं: 'मा. सभापतींनी खुलासा केला.'
माझा हात थरथरला नाही.

पुढच्या निवडणुकीत निकुंभांचं तिकीट कापलं गेलं.
शेवंताबाई पुन्हा आल्या,
आणि वर्षभरात
त्यांच्याही भाषणांत मला शेपूट काढावी लागली.

परवा, गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात,
एक गळा ओळखीचा वाटला.
निकुंभ मेथीच्या जुड्या उलटून बघत होते,
फाइल उलटायचे तसेच.
त्यांनी मला ओळखलं नाही. कसं ओळखणार,
त्यांनी कायम माझा भांगच पाहिलेला.

खूण मी त्याच रात्री तयार केली होती:
खाली उतरणारी रेघ,
शेवटी गाठ न मारता सोडलेली.
सत्तावीस वर्षांच्या वह्यांत ती कुठंच नाही.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.
पिशवीच्या कापडावर बोटानं ती काढली, एकदा,
मग नीट आली नाही म्हणून पुन्हा.
आणि भाजीवालीला विचारलं,
"मेथी कशी दिली?"