आवाजाचं काम

कर्वेनगरच्या एका तळघरात माझं आवाजांचं दुकान आहे.
मुळा मोडला की पडद्यावर बोट मोडतं,
भाजका पापड चुरला की पाचोळ्यातून कुणी चालत येतं,
ओली शॅमी जुन्या सोफ्यावर आपटली
की कुणालातरी पट्टा लागतो.

आज ऋता आलीये तिचा पिक्चर घेऊन.
मिशनचं सुधारगृह, लांब कॉरिडॉर, चाळीस खाटा,
काळ्या झग्यातला ओरडणारा ब्रदर,
बाहेर विजा.
"काका, पट्टा जड हवा. प्रेक्षक दचकला पाहिजे."

मी आपटतो.
"अजून."
मी आपटतो.
तिला माहीत नाही.
फॉर्मवर मी शाळेचं नाव असं लिहितो
की वाचणाऱ्याला बोर्डिंग वाटावं.

घोरपडीला, रुळांच्या पलीकडे.
बाराव्या वर्षी, सायकलचा डायनॅमो चोरला म्हणून.
नंबर एकतीस.
आमच्या ब्रदरचा आवाज कधी चढला नाही.
झगा पांढरा, परीटघडीचा.
"बाळा" म्हणायचा. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध.
मारून झालं की आयोडीन तोच लावायचा,
फुंकर घालून,
आणि त्या फुंकरीचं काय करायचं
ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पट्ट्याचा आवाज असा नव्हताच.
लहान होता, शेजारच्या घरात कुणी धुणं आपटतंय तसा.
मोठा आवाज त्याच्या आधीचा:
जिन्यापाशी किल्ल्यांचा जुडगा,
मग पावलं,
मग कुणाच्या तरी खाटेशी थांबणं.
चाळीस पोरं झोपल्याचं सोंग आणायची.
श्वासाचंही सोंग असतं.
जरा जास्तच एकसारखा येतो.

पहिला फटका बसतो आणि कॅमेरा वळतो
भिंतीवरच्या क्रूसाकडे.
सगळ्याच पिक्चरांत वळतो. क्रूस, मेणबत्ती, खिडकी.
मी चिडायच्या तयारीत होतो.
पण आम्हीही वळायचोच की.
शमुवेल त्रिभुवनला न्यायचे त्या रात्री
मी ओलीच्या डागाकडे बघत मोजायचो.
अकरा. एकदा चौदा.
माझ्या खाटेशी थांबले नाहीत म्हणून बरं वाटायचं,
ते कुठल्या करवंटीतून काढू?

"सातवा टेक, काका. हात दुखतोय का?"
हात.
वर गेलेला माझा हात, आणि खाली सोफा,
रेक्झिन एकाच जागी फाटलेलं.
मी शॅमी बादलीत टाकतो.

"किल्ल्या आहेत तुझ्याकडे?"
माझ्याकडे नसतात. घरी मी बेल वाजवतो,
बायको तीस वर्षं कुरकुरतेय.
ती स्कूटरची देते, टेडी लटकवलेली. ही नाही.
शेवटी वॉचमनकडून गाळ्यांचा जुडगा आणला,
मांडीशी धरला, चार पावलं चाललो,
थांबलो.

"हे स्क्रिप्टमध्ये नाहीये."
"विजांच्या जागी लाव."
ती बराच वेळ हेडफोन काढत नाही.
मग म्हणते, "काका, तुम्हाला कसं..."
आणि वाक्य तिथंच सोडते. शहाणी पोर आहे.

रूम टोन घ्यायचा राहिला होता.
एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज, कुणी हलायचं नाही.
उभे राहिलो दोघं.
माझा श्वास एकसारखा येत होता.

शमुवेल खडकीला दिसलेला, टायरच्या दुकानात,
पंधरा वर्षं झाली असतील. मी रस्ता बदलला होता.
हा पिक्चर लागला तर तो जाईल का?
गेलाच, तर पट्ट्याला सगळं थिएटर दचकेल,
तो नाही.
तो आधीच दचकलेला असेल, मघाशी,
बाकीच्यांना वाटलं तेव्हा
की वॉचमन चाललाय.