प्रिय गूळ

दोन हजार चार साली राजारामपुरीत,
तासाला वीस रुपये घेणाऱ्या नौशादनं
आमच्या आडत दुकानाचा ई-मेल काढून दिला.
नावाच्या चौकटीत त्यानं लिहिलं, गूळ.
आडनावाच्या चौकटीत, कोल्हापूर.
आम्ही हसलो होतो.

आता शाहूपुरीत शटर वर जायच्या आधीच
जगभरातनं त्याला हाका येतात.
प्रिय गूळ, तुझं कर्ज मंजूर झालंय.
प्रिय गूळ, केस गळतायत का?
प्रिय गूळ, तू एकटा आहेस का,
तुझ्या शहरातल्या तिघीजणी तुला बघून गेल्या.
कुठल्याशा बँक मॅनेजरची विधवा
नऊ वर्षं मरणाला टेकलीय
आणि सगळी इस्टेट तिला गुळालाच द्यायचीय.

सन्मती म्हणतो, काकू, नवीन काढा, दोन मिनिटांचं काम.
दोन मिनिटांचंच आहे.
पण हा पत्ता बोर्डावर रंगवलाय, बारदानावर छापलाय,
कुठल्या गावच्या कुठल्या डायरीत
शाईनं उतरलाय, मला काय माहीत.
आणि एकोणीसच्या पुरात
पावत्या गेल्या, लाल कापडातली खतावणी
लगदा होऊन हातात आली,
तेव्हा कोरडं राहिलं ते एवढंच खातं.

म्हणून वैशाखात, सौदे थंडावल्यावर,
रोज जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं.
पत्राच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं,
नको असल्यास इथे दाबा.
दाबलं की विचारतात, का नको?
आम्ही फार वेळा आलो का?
आमचं काही चुकलं का?
इतक्या अदबीनं मला
सासरी सोडाच, माहेरीही कुणी विचारलं नव्हतं.

कुठं दाबायचं नाही, तेही शिकले.
विधवेला नको म्हटलं तरी तिला कळतं,
घरात कुणीतरी जागं आहे.
तिला न बोलता, बाहेरच्या बाहेर.

वडणग्याचा ईश्वरा गुळव्या काहिलीपाशी सांगायचा,
मळी एका दमात निघत नसती, वैनी.
भेंडीचं पाणी टाकायचं,
वर येईल तशी काढायची.
घाई केली की झाऱ्याबरोबर रस जातोय.

एका मंगळवारी स्पॅमचा डबा रिकामा करताना
बोट थांबलं.
'आपले अकरा हजार दोनशे चाळीस रुपये
आमच्याकडे आहेत. खाते क्रमांक कळवावा.'
मशीनला दोष नाही.
मीही हेच केलं असतं.
खाली भुजचा पत्ता.
'वडील जानेवारीत गेले. त्यांच्या डायरीत
आपली बाकी आहे, सोळा सालची,
दहा किलोचे साठ रवे.'
सव्वीस दिवस झाले होते पत्राला.
अजून चार दिवसांनी आपोआप पुसलं गेलं असतं.

खतावणी तर पंचगंगेनं वाचली.
अप्पासाहेबांच्या चांगल्या कानाशी जाऊन ओरडले,
भुजचे मूलजीभाई!
डोळे मिटून बसले. मग म्हणाले,
व्हय की. काही रवे पाझरले होते वाटेत.
मीच म्हटलंतं, बाकी राहू दे.
थोड्या वेळानं, स्वतःशीच,
लिहून ठेवलं होतं व्हय त्यानं.

'स्पॅम नाही' वर दाबलं.
उत्तर लिहिलं. खाते क्रमांक दिला नाही,
तेवढी शिकलेय.
'आपल्याकडून आमचं काही येणं नाही.
अप्पासाहेबांना आपल्याशी बोलायचंय,
या नंबरवर जरूर फोन करावा.'
पाठवायच्या आधी एकदा वाचून बघितलं,
तर थेट विधवेचीच चाल.
तरी पाठवलं.

आज सहावा दिवस.
फोनपाशी अप्पासाहेब बसून असतात, चांगला कान पुढं करून.
इकडं सकाळी तीनच पत्रं होती, सगळी गुळाला.
तिकडं भुजात आमचं एक
कुठल्या डब्यात जाऊन पडलंय, कोण जाणे,
आणि त्याचे किती दिवस उरलेत.