कानामागची फुई

नान्नजच्या अलीकडे, म्हाळाबाईच्या वाघरीत
आठ पिल्लं मेंढीच्या पोटाला लागून झोपलेली.
आठही सारखीच. गुळगुळीत, ओल्या उंदरासारखी.
पौषातला गारठा, माळावर आडोसा नाही.

"यातलं पशमी कुठलं?" मी विचारलं.
ती कुत्रीच्या पायातली कुसळं वेचत होती,
एकेक, नखात धरून.

"आत्ता समदी कारवानीच दिसत्यात.
केस मागनं येत्यात. कानाला, शेपटीला, मांडीमागं.
आठ म्हयनं लागत्यात. न्हाईतर येतच न्हाईत.
हिच्या आईला न्हवते. आजीचे जमिनीला टेकायचे.
मधी एखादी पिढी झोपतंय ते रगात."

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर आहे.
फासा किती उंच ठेवायचा, एवढंच माझं काम.
अर्धा सूत वर गेला
की तेच कापड मऊ, तेच महाग.
ताणा तोच, बाणा तोच.
म्हणून विचारलं, "कामाला कुठलं चांगलं?"

"लांडग्याला इच्यार."
मग जरा वेळानं, "वैशाखात बिनकेसाचं पळतंय.
असल्या थंडीत केसाळ जागं ऱ्हातंय.
सराटं केसाळालाच धरत्यात.
गाडीतनं माणसं येत्यात, लांब केसांचंच पायजे म्हणत्यात.
मी मेंढराच्या कातरीनं भादरून दावते.
म्हणते, मोजा आता. बरगड्या तेवढ्याच हायत."

मी डोळे मिटून हात घातला.
जे चावलं ते उचललं.

विडी घरकुलात त्याला सुपाशेजारी जागा मिळाली.
नागमणी पानं कापता कापता त्याच्याशी तेलुगूत बोलायची,
माझ्याशी बोलते त्याहून जास्त.
मी पाळीवरून आलो की त्याची शेपूट
बोटांतून ओढून बघायचो,
मालाची तपासणी करतात तशी.
होळीपर्यंत काही नाही.
एप्रिलमध्ये फरशीवर पसरून पडलेलं, जीभ बाहेर,
तेव्हाही काही नाही. बरंच झालं म्हणालो.
मग बघायचं सुटलंच.

श्रावणात एकदा रात्रपाळीहून आलो.
ते छातीवर चढलं. कानामागं बोट गेलं,
तर कापसाची फुई.
माझ्याच अंगावरची असणार. काढली.
खाली अजून होती. ओढली,
तर ते कुंईं करून ओरडलं.

म्हाळाबाईला फोन लावला. लागेना.
मेंढरं घेऊन कुठं भीमेच्या काठाला गेली असेल.

नागमणीनं सुपातली कातर उचलली
आणि विचारलं, कापू का?
मला विचारलं की त्याला, कळलं नाही.

इथं कुसळ नाही, सराटा नाही,
रात्री जागून राखावं असं
आमच्याकडं काय आहे?
फुई तेवढी आहे. रोज येते माझ्यासोबत,
भुवईत, बनियनमध्ये,
आता त्याच्या कानातही अडकणार.

"राहू दे," म्हटलं.
"मी वेचीन."