खिडकीची जागा

तिकिटावर दोन नावं.
माझं पूर्ण : सोपान ग्यानबा लोंढे.
दुसऱ्याला आडनाव नव्हतं, म्हणून
काऊंटरवरच्या पोरीनं माझंच लावलं :
तंबोरा लोंढे.
बाईंनी ऐकलं असतं तर हसल्या असत्या
पदर तोंडाला लावून, ठसका लागेपर्यंत.

एकतीस वर्षं उचलला मी त्याला.
परभणीच्या कन्याशाळेत, कपाटापासून संगीताच्या खोलीपर्यंत
अठ्ठावीस पावलं, मधे एक उंबरा.
घंटा द्यायची, माठ भरायचा, आणि हा.
हुद्दा शिपाई.
बाई म्हणायच्या,
सोपान, तुझा कान पगारात धरत नाहीत, नाहीतर…
त्या 'नाहीतर'च्या पुढं कधी गेल्या नाहीत.
गप्पच तारेखालचा दोरा माझ्याकडं सोपवायच्या.
केसाएवढा सरकवला की तार उघडायची,
आणि पाचवी ब च्या मुली
वह्यांवर पेन आपटायच्या थांबायच्या.

जयू फोनवर म्हणाली,
आईचा तंबोरा कुरिअरनं पाठवा मामा, खर्च मी देते.
मी म्हणालो, बरं.
आणि फरकाच्या हप्त्यातून दोन तिकिटं काढली,
नांदेड ते बंगळूर.
घरी एकाचंच सांगितलं.

तपासणीला पोलीस बाई.
"काय न्यायलाव काका एवढं मोठं?"
बोलण्यावरून हदगावकडची.
तंबोरा आहे, म्हणालो. जरा जपून,
आत्ताच जवारी काढून घेतलीय.
"किती पोती झाली?"
आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.
मग खोळ उघडून मी तिला घोडी दाखवली,
तार कुठं टेकते, कुठं सुटते.
तिनं बोट फिरवलं, नख न लावता.
म्हणाली, आमच्यात यंदा समदं सोयाबीन,
जवारी बांधाकडंनं, खाण्यापुरती.
आणि पुढच्याची बॅग ओढली.

नियम असा की वाद्याला खिडकी,
कुणाची वाट अडायला नको.
म्हणजे जन्मात पहिल्यांदा विमानात बसलो
आणि मला दिसलं ते
भोपळ्याच्या कडेनं बोटभर आभाळ,
त्यात थोडी गोदावरी. तीही लगेच मागं गेली.

पट्टा पुरेना.
पोटुशा बाईला देतात तसला जोडपट्टा आणून दिला त्यांनी.
आवळताना हात थांबला.
ही गाठ हातांना माहीत होती.
गावच्या बारवेत थोरला भाऊ, मुंजाजी,
पाठीला वाळका भोपळा बांधून
मला पायऱ्यांवरून ढकलून द्यायचा.
बुडतोस कसा, म्हणायचा, आत हवा हाय.
मी नाकातोंडात पाणी घेऊन शिव्या द्यायचो,
भोपळा मला वर ओढायचा, दरवेळी,
शिव्यांसकट.

चारही तारा उतरवल्या होत्या.
मिरजेच्या कारागिरानं बजावलं होतं,
वर गेल्यावर ताण सोसत नाही.
तरी विमान धावायला लागलं
तशी खोळीत खर्जाची तार थरथरली.
सूर नव्हता तो. उगाच कशाला म्हणू.
घोगरं, सैल, झोपेत कुणी बोलावं तसं.
शेवटच्या वर्षी बाईंचा गळा असाच झाला होता.
मुली एकमेकींना कोपरं मारायच्या
आणि मी कपाटाशी उभा राहून
पुसलेलंच कुलूप पुसायचो.
भोपळ्यावर हात ठेवला मी.
गप्प बस म्हणून नव्हे.

पाण्याच्या बाटल्या दोन दिल्या, चिवड्याची पाकिटं दोन.
हिशेबाला पक्की माणसं.
त्याचं पाकीट मी पिशवीत टाकलं.

उतरल्यावर सगळे एकदम उभे राहिले.
आम्ही बसून राहिलो. खिडकीवाल्याला घाई नव्हती.
बाहेर जयू असेल,
कपाळ बाईंचं, चष्मा नवा.
तिला तिकिटाचं सांगायचं नाही.
म्हणेन,
कुरिअर आलंय. इथं सही कर.